'आवडलं' म्हणजे नक्की काय? एक पुस्तक, एक नाटक, एक सिनेमा आणि विष्णुपुरीतली एक खोली

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मी दर वाक्यात 'म्हणजे' म्हणतो. त्यातले बरेच काढलेत, थोडे राहिलेत. चालवून घ्या.

झालं असं की लातूरच्या एका कॉलेजमधल्या मुलीचा मेसेज आला. "दादा, मला नेमकं काय आवडतं तेच कळत नाही. फोनवर जे समोर येतं ते बघते. चांगली पुस्तकं, सिनेमे सुचवा ना." मी लगेच यादी करायला घेतली. दहा नावं लिहिली आणि थांबलो. कारण तिचा फोन दिवसभर हेच तर करतोय, नावं सुचवतोय. आणि ते तो कसं करतो हे मला जरा जवळून माहितीय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं काम त्याच्याच आसपासचं आहे. तर आधी ते समजून घेऊ.

फोनला आपली आवड कशी कळते?

एक मोठा तक्ता डोळ्यासमोर आणा. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात सिनेमे. प्रत्येक चौकटीत त्या माणसाने त्या सिनेमाला दिलेला आकडा. बहुतेक चौकटी रिकाम्याच असणार, कारण सगळे सिनेमे कुणीच बघत नाही. आता कॉम्प्युटरचं काम काय, तर रिकाम्या चौकटीत कोणता आकडा आला असता याचा अंदाज करायचा. तुमची ओळ माझ्या ओळीसारखी दिसत असेल, तर मला आवडलेलं तुम्हाला दाखवायचं. मुळात कल्पना एवढीच, वरचं सगळं गणित.

२००६ मध्ये नेटफ्लिक्सने यावर स्पर्धा ठेवली होती. आमचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि १० लाख डॉलर घेऊन जा. स्पर्धकांना दिलेल्या तक्त्यात सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षक, १७,७७० सिनेमे आणि १० कोटींहून जास्त रेटिंग होती. बक्षीस जिंकायला २००९ साल उजाडलं. पुढे २०१७ मध्ये त्यांनी पाच तारे काढून टाकले आणि अंगठा आणला, वर किंवा खाली.

आता माझा मुद्दा. 'सैराट'ला दोन जणांनी पाच तारे दिले. एकाने गाण्यांसाठी दिले, थिएटरात शिट्ट्या वाजवून आला होता. दुसऱ्याला शेवटच्या त्या आवाज नसलेल्या प्रसंगाने रात्रभर झोप लागली नव्हती. चौकटीत दोघांचा आकडा पाचच. 'का' लिहायला त्या चौकटीत जागाच नाही. ते ज्याचं त्याने शोधायचं असतं, आणि मला ते फार उशिरा सुचलं.

पुस्तक: कोण बोलतंय?

मी मुखेड तालुक्यातला. बारावीनंतर विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला आलो. ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी: नांदेडपासून जवळच, एका बाजूला गोदावरी आणि तिच्यावरचं धरण, दुसऱ्या बाजूला माळ, आणि माळावर कॉलेज, विद्यापीठ, हॉस्टेल. संध्याकाळी मेसचं जेवण झालं की धरणाकडे चक्कर, नाहीतर लॅपटॉपवर इंग्रजी मालिका.

तेव्हा माझी आवड म्हणजे काय, तर ज्याने मी खेड्यातला वाटणार नाही ते सगळं. "काय करलालास?" हे आमच्याकडचं साधं वाक्य. पण पुण्या-मुंबईची पोरं हसायची, म्हणून मी पहिल्याच सेमिस्टरला ते सोडून दिलं. घरी फोन लावतानासुद्धा खोलीबाहेर जायचो.

दुसऱ्या वर्षी लायब्ररीत रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' हाती लागली. १९७१ ची कादंबरी, बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची पडझड, आणि ती सांगते त्याची बायको. मधे लेखक येऊन शुद्ध मराठीत समजावत नाही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तीच बोलते, तिच्या बोलीत.

मी दोन पानं आईला फोनवर वाचून दाखवली. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "असं बी पुस्तकात छापतेत व्हय?"

त्या दिवसापासून कथा-कादंबरी वाचताना माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: इथं कोण बोलतंय? तीच गोष्ट त्या शिंप्याने सांगितली असती तर वेगळी झाली असती. त्याला सांगता आलं असतं तो गावातल्या लोकांशी कसा भिडला. घरात बसून त्याची वाट बघणं कसं असतं हे फक्त तीच सांगू शकते. मला 'पाचोळा' आवडली ती 'आपल्या भागाची' म्हणून, असं मला आधी वाटायचं. खरं कारण हा आवाज आहे.

नाटक: कुणाची बाजू?

हा भाग सांगायला जरा जड जातो.

हॉस्टेलला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी रूममेटला विचारलं होतं, "तुझा सीईटीचा स्कोअर किती?" इंजिनिअरिंगवाल्यांना माहितीय या प्रश्नाचा अर्थ. आकडा कुणालाच नको असतो, कॅटेगरी काढायची असते. त्याने आकडा सांगितला आणि बॅगेची चेन लावली. पुढचं दीड वर्ष आम्ही चांगले राहिलो. चहा एकत्र, असाइनमेंट एकत्र. पण ती चेन लावलेलीच होती.

गॅदरिंगसाठी नाटक शोधताना दत्ता भगत यांचं 'वाटा पळवाटा' मिळालं. भगत सर नांदेडचेच. नाटकात दलित चळवळीतल्या तीन पिढ्या आहेत: बाबासाहेबांचा काळ पाहिलेले काका, प्राध्यापक सतीश आणि आक्रमक तरुण अर्जुन. सतीशची बायको हेमा ब्राह्मण. पूरग्रस्तांच्या घरांचा प्रश्न पेटतो आणि चौघंही आपापल्या जागेवरून बोलू लागतात. गॅदरिंगला ते मोठं पडणार होतं, पण एका रात्री आम्ही खोलीत मोठ्याने वाचायला बसलो.

मी सहज म्हणालो, "तू अर्जुन वाच."

तो म्हणाला, "मीच अर्जुन का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. त्याने सतीश वाचला. अर्जुन मी वाचला. अर्ध्यावर आल्यावर तो थांबून म्हणाला, "मी सतीशसारखाय. मला भांडण नको असतं, नोकरी पाहिजे. आणि त्याचाच कधीकधी मला राग येतो." मी त्या पहिल्या महिन्यातल्या प्रश्नाबद्दल सॉरी म्हणालो. दीड वर्षाने. तो म्हणाला, "माहितीय. पुढचं पान घे."

नाटक कसं काम करतं, हे मला त्या रात्री कळलं. कादंबरीत एक आवाज आपल्याला सोबत घेऊन जातो. नाटकात प्रत्येक जण आपापल्या वाक्यात बरोबर असतो, आणि वाक्यं तोंडाने म्हटली की दुसऱ्याची बाजू थोडा वेळ तरी आपल्याला धरावीच लागते. म्हणून नाटकाला माझा प्रश्न: कुणाची बाजू मला पटली, कुणाची पटली नाही, आणि त्यात माझं स्वतःचं काय अडकलंय?

सिनेमा: किती वेळ?

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' २०१५ मध्ये थिएटरात आला आणि त्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी तो नंतर लॅपटॉपवर पाहिला, दीडपट वेगाने. लेक्चरचे व्हिडिओ तसेच बघायचो, सवय लागली होती. मत दिलं: बोअर.

गोष्ट अशी. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर. त्याच्या गाण्यामुळे एका गटार कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. तारखा पडत राहतात. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी उभा, लांबून बघणारा. कोर्टातलं काम संपलं तरी तो वकिलाच्या, सरकारी वकीलबाईंच्या, न्यायाधीशाच्या घरच्या आयुष्यात जाऊन बसतो.

पुढे घरच्या एका जमिनीच्या कामासाठी वडिलांसोबत तालुक्याच्या कोर्टात बसायची वेळ आली. दिवसभर बाकावर, मग पुढची तारीख. त्या रात्री 'कोर्ट' परत लावला, साध्या वेगाने, आणि संपेपर्यंत जागचा हललो नाही. दीडपट वेगात मी सिनेमाची गोष्ट पाहिली होती आणि सिनेमाच कापून टाकला होता. दिग्दर्शकाला जे सांगायचं होतं ते त्या थांबण्यातच होतं. सिनेमाला माझा प्रश्न तेव्हापासून हा: कॅमेरा कुठे थांबला, किती वेळ, आणि तेव्हा मला काय होत होतं?

यातून आणखी एक गोष्ट कळली. पहिल्यांदा 'नाही आवडलं' म्हणालो होतो, ते माझ्याबद्दल होतं. ते कधीतरी परत तपासायला हवं.

आपल्याच गावचा एक वाचणारा

हे सगळं मी काही शोधून काढलेलं नाही. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे, पुढे तिथेच प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेत ते अनेकदा नापास झाले होते. बॅकलॉगवाल्यांनी हे वाक्य जपून ठेवा. मला ऐतिहासिक कादंबऱ्या फारशा झेपत नाहीत. तरी रणजित देसाईंची 'श्रीमान योगी' उघडली, ती प्रस्तावनेसाठी. ती प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांचं लेखकाला लिहिलेलं लांबलचक पत्र. त्यात नुसतं कौतुक नाही. शिवाजी महाराजांचं मोठेपण नेमकं कशात, कोणत्या साधनावर कितपत विश्वास ठेवायचा, यावर एक वाचक लेखकाशी मन लावून बोलतोय. आणि लेखकाने ते पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं!

पाच तारे आणि ते पत्र यांत जे अंतर आहे ना, ते चालत जाणं म्हणजे आवड तयार होणं.

तर लातूरच्या ताईला मी यादी पाठवली नाही. लिहिलं: गेल्या वर्षभरात जे एक काहीतरी डोक्यातून गेलं नाही, ते घे. फोनच्या नोट्समध्ये तीन ओळी लिही. कोण बोलत होतं? मला कुणाची बाजू पटली? मी कुठे थांबले? मग ते ज्याला आवडलं नाही अशा एकाला वाचून दाखव.

चार दिवसांनी तिचं उत्तर आलं. तीन ओळी मागितल्या होत्या, तिने दीड पान लिहिलं होतं, आजीसोबत पाहिलेल्या एका जुन्या सिनेमावर. शेवटी लिहिलं होतं, "आजीला नाही आवडला. आम्ही अजून भांडतोय."

तुमच्याही तीन ओळी पाठवा. पुढच्या भागात वाचू. भेटू या!