हिटर गार, काटा वर

मनाली-लेह रस्त्यावर हिटरमधून गार वारा यायला लागला, की बहुतेक जण आधी फ्यूज काढून बघतात. वारा येतोय म्हणजे ब्लोअर ठीक आहे, ऊब आणणारं कूलंट बहुधा कुठेतरी अडलंय. इंजिनमध्ये तापून आलेलं हेच कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हिटर कोअरमधून फिरतं.

गाडी गरम झाली, की त्याकडे जाणारे दोन्ही होज पंख्यापासून हात लांब ठेवून जपून चाचपा. दोन्ही गरम असतील, तर बहुधा आतली झडप अडकलीय. एकच गरम असेल, तर हिटर कोअर तुंबलाय. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही चढत नाही? थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय, स्वस्तातलं दुखणं.

काटा चढतोय आणि हिटर मात्र गार, ही जोडी सर्वांत वाईट. कूलंट कमी झालंय, हवा अडकलीय किंवा वॉटर पंप गेलाय. गाडी थांबवा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं कूलंट अंगावर उडतं. बाहेर गळती दिसत नाही, तरी पातळी घटतेच, तर हेड गॅस्केट तपासून घ्या.

वाटेत नळाचं पाणी ओतलंत, तर रात्री ते गोठून इंजिन ब्लॉक फुटू शकतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साधारण उणे ३५ अंशांपर्यंत टिकतं.