गेज बदलताना

२००८ मध्ये अकोला मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत नांदेडहून अकोल्याला निघालेला प्रवासी पूर्णा जंक्शनवर उतरायचा, सामान उचलायचा आणि मीटरगेजच्या गाडीत जाऊन बसायचा. लिनक्सचा कॉम्प्युटर त्या काळी असाच सुरू व्हायचा. पडदा काळा, मग भराभर पळणारी अक्षरं, पुन्हा काळा, आणि मग कुठं लॉगिनची चौकट.

पडद्यावर मालकी तिघांची होती. आधी फर्मवेअर, मग कर्नल, शेवटी एक्स सर्व्हर. एक्स आपल्या हिशेबानं ग्राफिक्स कार्ड नव्यानं जुळवायचा, म्हणून पडदा लुकलुकायचा. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलनं इंटेलच्या चिपसाठी हे काम स्वतःकडं घेतलं. त्यालाच कर्नल मोड सेटिंग म्हणतात. २०१९ च्या फेडोरा ३० या लिनक्समध्ये तर नव्या इंटेल मशीनवर कंपनीचा लोगो लॉगिनपर्यंत हलेनासा झाला.

सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेचं दुखणं मात्र वेगळं.

स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या टेबलावर एक लॅपटॉप उघडा आहे. कारागीर ‘सिस्टिमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ टाइप करतो. कोणत्या सेवेनं किती सेकंद घेतले, त्याची उतरती यादी समोर येते. नवखा माणूस वरचं नाव दिसलं की तेच बंद करायला निघतो. पण तिथं बऱ्याचदा, सुरू होताना लोगोचा पडदा दाखवणाऱ्या प्लिमथच्या निरोपाची वाट पाहणारी सेवा असते. ती स्वतः काहीच करत नाही, नुसती थांबलेली असते. म्हणून कारागीर ‘क्रिटिकल-चेन’ मागवतो. कोण कोणासाठी खोळंबलंय, ते त्यात कळतं. इथं सगळे नेटवर्क जोडलं जाण्यासाठी ताटकळलेत. ऑफिसच्या सर्व्हरवरची डिस्क जोडायची असेल तर ते थांबणं गरजेचं. घरच्या लॅपटॉपला सहसा नाही. कारागीर नेटवर्कसाठी थांबवून ठेवणारी सेवा बंद करतो.

वेळेच्या याच दुखण्यावर २००८ मध्ये इंटेलच्या अर्जन व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक यांनी ई-पीसी या छोट्याशा लॅपटॉपवर फेडोरा ५ सेकंदांत सुरू करून दाखवली होती. त्यांनी वेळ आधीच वाटून टाकला: कर्नलला १ सेकंद, सुरुवातीच्या सेवांना १, एक्सला १, डेस्कटॉपला २. ज्याचं त्यानं आपल्या वाट्यात भागवायचं.

लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. लोगो, आणि लगेच लॉगिन. गिऱ्हाईक मान पुढं काढून बघतं.

“अक्षरं काही पळाली नाहीत. बिघडलं का काय?”