आभासी यंत्राची प्रतीक्षा

कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणारा, 1865 साली वाहतुकीस खुला झालेला लोहमार्ग थळ घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढतो, आणि म्हणून मुंबईकडून आलेल्या जड गाडीला पाठीमागून रेटा देणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेची माणसे 'बँकर' म्हणतात, कसारा स्थानकात जोडल्यावाचून तिला पुढे जाता येत नाही. ही इंजिने कोणा एका गाडीच्या मालकीची नसतात. एक गाडी वर पोहोचवली की ती दुसरीसाठी परततात. गाड्या एकापाठोपाठ आल्या म्हणजे स्वतःचे इंजिन सुस्थितीत आणि चालक सज्ज असूनही एखादी गाडी खोळंबते, आणि त्याचे कारण डब्यातल्या उतारूला डब्यात बसून उमगत नाही. आजच्या संगणककेंद्रांतील आभासी यंत्रांवर नेमका हाच प्रसंग ओढवतो.

आभासी यंत्र म्हणजे एकाच सर्व्हरवर, 'हायपरवायझर' नावाच्या प्रणालीच्या अंमलाखाली, स्वतंत्र संगणकाच्या थाटात नांदणारा संगणक. आयबीएमने 1972 साली ही पद्धत आपल्या मेनफ्रेम यंत्रांसाठी जाहीर केली, आणि 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने पुढे ती साध्या सर्व्हरांवर रूढ केली. सर्वांना एकाच क्षणी काम पडत नाही या भरवशावर, प्रत्यक्षात असतील त्याहून अधिक प्रोसेसर येथे कागदोपत्री वाटून दिलेले असतात. हा भरवसा बहुतेक दिवस खरा ठरतो. परंतु पीककर्जाच्या हंगामात शहापूर-मुरबाडपासून विदर्भापर्यंतचे खातेदार एकाच सकाळी दाखल्यांसाठी केंद्रांवर लोटले म्हणजे अशा व्यवस्थेची खरी कसोटी लागते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, ही शेतकऱ्याची फार मोठी सोय झाली. पण "सर्व्हर डाउन आहे, उद्या या" हे शब्द ऐकून परतणाऱ्या माणसाची दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जातात, म्हणूनच या यंत्रांची देखरेख ही केवळ तंत्रज्ञांची बाब आहे असे मी मानीत नाही.

देखरेखीत पहिली गफलत होते ती प्रोसेसरच्या वापराचा आकडा तेवढा पाहण्याने. आभासी यंत्राच्या आत डोकावले तर वापर साठ टक्के दिसेल, कारकुनाचा पडदा मात्र हलणार नाही. कारण ते यंत्र काम करण्यास सिद्ध असून खऱ्या प्रोसेसरची वाट पाहत असते. हा प्रतीक्षाकाळ, ज्याला व्हीएमवेअरच्या प्रणालीत 'रेडी टाइम' म्हणतात, हायपरवायझरच्या बाजूने मोजावा लागतो. तेथे दर वीस सेकंदांची नोंद होते. तीत एका आभासी प्रोसेसरच्या खात्यावर दोन हजार मिलिसेकंद आढळले, तर त्याचा दहा टक्के वेळ निव्वळ खोळंब्यात गेला असा हिशेब निघतो. डेन्मार्कच्या एर्लांग यांनी 1909 पासून टेलिफोनच्या वाहतुकीवर जे गणित मांडले, त्याच परंपरेतील साध्यात साध्या सूत्राप्रमाणे, कामे यदृच्छया येत असतील आणि यंत्र निम्मे व्यापलेले असेल, तर सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेइतकीच असते. नव्वद टक्क्यांवर ती नऊपट होते आणि पंचाण्णववर एकोणीसपट.

दुसरी गफलत सरासरीची. तासातली दहा मिनिटे यंत्र पूर्ण व्यापलेले आणि उरलेली पन्नास मिनिटे दहा टक्क्यांवर असेल, तर तासाची सरासरी पंचवीस टक्के भरते, आणि तक्ता पाहणारा अधिकारी निर्धास्त राहतो. त्यातही या प्रणालींच्या दप्तरात जुना तपशील संक्षिप्त होत जातो: वीस सेकंदांच्या नोंदी तासाभरापुरत्या, मग पाच मिनिटांच्या, अर्ध्या तासाच्या, दोन तासांच्या आणि अखेर दिवसाच्या सरासऱ्या. तक्रार आठवड्याने वर पोहोचली की पुरावा विरून गेलेला असतो. तस्मात सरासरीशेजारी कमाल आकडाही जपून ठेवण्याची तजवीज आधीच केली पाहिजे.

आणि खोळंबा दिसताच त्या यंत्राला आणखी आभासी प्रोसेसर बहाल करण्याचा मोह आवरावा. खरे प्रोसेसर तेवढेच राहतात, वाटेकरी मात्र वाढतात, आणि त्या यंत्राचे सगळे आभासी प्रोसेसर साधारण बरोबरीने पुढे नेण्याची जबाबदारी हायपरवायझरवर असल्याने प्रतीक्षा पुष्कळदा वाढतेच. अशा वेळी न वापरलेले प्रोसेसर काढून घेणे, अथवा ते यंत्र कमी गर्दीच्या सर्व्हरवर हलविणे, हाच उपाय लागू पडतो.