वातानुकूलकाचा कुबट वास : कारणे आणि घरगुती उपाय

प्रास्ताविक

नीरा आणि भीमा यांच्या संगमावरील नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. येथील उन्हाळा कडक असतो. त्यामुळे वातानुकूलक, म्हणजे रोजच्या बोलीतला एसी, अशा गावांतील घरांतही दिसू लागला आहे. पावसाळ्यात बंद राहिलेला एसी ऑक्टोबरच्या उकाड्यात सुरू केला, की पुष्कळदा खोलीत कुबट वास पसरतो. त्याचे कारण व उपाय या लेखात समजून घेऊ.

विषय-विवेचन

विहिरीवरील पंप पाणी उपसतो, तसा एसी खोलीतील उष्णता उपसून बाहेर टाकतो. थंड देशांत हेच यंत्र उलट क्रमाने चालवून घर उबदार करतात. म्हणून त्याला 'उष्णता-पंप' असेही म्हणतात. खोली थंड करताना आतील नळ्या गार होतात आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा, तसे हवेतील बाष्प त्यांवर जमते. १९०२ मध्ये विलिस कॅरिअर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी रचलेल्या यंत्राचा हेतूही हवेतील दमटपणा आवरणे हाच होता.

नळ्यांवरील पाणी खालच्या तबकात पडून निचऱ्याच्या नळीवाटे बाहेर जाते. मात्र धूळ साचली, नळी तुंबली किंवा यंत्र ओले असतानाच दीर्घकाळ बंद राहिले, की तेथे बुरशी धरते. ओले कपडे घडी करून ठेवल्यावर येणारा वास आणि हा वास एकाच जातीचे आहेत.

उपाय करण्यापूर्वी एसीचा वीजपुरवठा मुख्य कळ दाबून बंद करावा. केवळ रिमोटवर विसंबू नये. पुढील झाकण उघडून जाळी काढावी, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवूनच परत बसवावी. नळ्यांवरील पातळ पत्र्यांची धूळ मऊ ब्रशने, पत्रे न वाकवता, वरून खाली झाडावी. त्यांवर आम्ल किंवा ब्लीच वापरू नये, धातू झिजतो. निचऱ्याच्या नळीतून पाणी मोकळे वाहते का, तिचे टोक गटारात तर बुडालेले नाही ना, हेही पाहावे. वापर सुरू असताना जाळी साधारण दर पंधरवड्याला धुवावी. रोज एसी बंद करण्यापूर्वी वीस ते तीस मिनिटे केवळ पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतील ओल सुकते.

प्रत्येक वास मात्र कुबट नसतो आणि येथे शब्दांची नेमकी निवड उपयोगी पडते. वास 'कुजका' असेल, तर पाल किंवा उंदीर आत मेला असण्याची शक्यता असते. 'गटारासारखा' असेल, तर दोष निचऱ्याच्या नळीत शोधावा. 'जळका' असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. तेथे घरगुती प्रयोग करू नयेत. वायूच्या नळ्या व विजेचे भागही उघडू नयेत. अनेक नव्या यंत्रांतील आर-३२ हा वायू काही प्रमाणात ज्वलनशील असतो, तर यंत्र बंद केल्यावरही काही भागांत विद्युतभार शिल्लक राहू शकतो. जाळी धुऊनही कुबट वास टिकला, तर बुरशी खोलवर गेली आहे असे समजावे आणि यंत्र तंत्रज्ञाकडून धुऊन घ्यावे. घरात दम्याचा रुग्ण असल्यास तोपर्यंत एसी वापरू नये.

सारांश

कुबट वासाचे मूळ ओल आणि धूळ यांच्या संगतीत आहे. अगरबत्ती किंवा सुगंधी फवारा तो वास झाकतो, घालवत नाही. ओल सुकवणे, धूळ काढणे आणि निचरा मोकळा ठेवणे हाच खरा उपाय होय. तंत्रज्ञाला केवळ 'घाण वास येतो' असे न सांगता वासाचे नेमके नाव सांगितले, तर दोष शोधणे सोपे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

कुबट, कुजका आणि जळका या तीन वासांमागील कारणे व प्रत्येक वेळी करावयाची कृती स्वतःच्या शब्दांत लिहा.