आजोबांची चोपडी आणि बीदरची सहल

दिवाळीच्या सुटीत आमची धाकटी बहीण दोन मुलांना घेऊन उदगीरहून नौबादला आली आणि "या खेपेला मामा आम्हांला बीदर दाखवणार," असे भाच्याने स्टेशनवरच जाहीर करून टाकले. वास्तविक नौबाद आता बीदर शहराचाच भाग झाले आहे. पण गावातल्या देवाला गावकरी जात नाहीत, तसे आमचे आहे. किल्ला पाहायचा तर पाहुणे यावे लागतात. आमच्या दोन्ही मुलांनी तो शाळेच्या सहलीत एकदा धावत पाहिला होता, तेवढाच.

भाचा सातवीत आहे, मराठी माध्यमात. आमची मुलगीही सातवीतच, पण कन्नड माध्यमात. येताना गाडीत भाच्याने एक गोष्ट हेरली होती. उदगीरच्या फलाटावरची पाटी त्याला वाचता आली, आणि कमलनगर आले तशी पाटीवरची कन्नड ओळ कळेनाशी झाली. "पण मामा, फलाटावरची माणसं मात्र मराठीच बोलत होती," तो म्हणाला. या एका वाक्यात सीमाभागाचा निम्मा इतिहास आला, हे त्याला कोण सांगणार?

वाचकांना हा इतिहास ठाऊक आहे, तरी मुलांसाठी आम्ही तो पुन्हा सांगितला. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी उदगीर हे हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यातच होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, जहिराबाद-नारायणखेडकडचा मुलूख आंध्रात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औरादचा भाग म्हैसूर राज्यात आला. एका जिल्ह्याचे तीन वाटे झाले. "म्हणजे तुमचं गाव आमच्या जिल्ह्यात होतं!" आमचा तिसरीतला मुलगा भाच्यावर ओरडला. त्यावर भाच्याने "आमच्या उदगीरला 2022 साली साहित्य संमेलन झालं, तुमच्या बीदरला झालं का?" असा टोला दिला. महाजन आयोगापुढे काय, आणि 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या दाव्यात काय, या दोघांची वकिली चालली असती तर निकाल लवकर लागला असता. असो.

निघताना बहिणीने पत्र्याच्या पेटीतली आजोबांची चोपडी पिशवीत टाकली. ही चोपडी आमच्या घरात कित्येक वर्षे पडून आहे. निजामाच्या राज्यात शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू. आजोबा त्या शाळेत शिकले आणि त्यांनी हिशेब उर्दू अक्षरांत लिहिला. आम्ही मराठी शाळेत गेलो, त्यामुळे ती चोपडी आमच्यासाठी मुकी. आणि आता आमच्या मुलीची गत अशी की, हिंदीमुळे तिला देवनागरी छापील अक्षर लावता येते, पण आत्याने हाताने लिहिलेले मराठी पत्र दोन ओळी वाचून ती खाली ठेवते. घरात बोली एकच, पण चार पिढ्यांत लिपी तीन. "दादा, बीदरमध्ये उर्दू वाचणारे घरोघरी आहेत. कुणाला तरी दाखव एकदा," बहीण म्हणाली. तिचे बोलणे खरे होते. आम्हीच आजवर आळस केला होता.

सुरुवात नौबादच्या कारेझपासून केली. कारेझ हा फारसी शब्द, आपण भुयारी कालवा म्हणू. बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. पाऊस त्या सच्छिद्र दगडात मुरतो आणि खालच्या घट्ट थरावर येऊन अडतो. त्या पाण्याच्या पातळीत बेताच्या उताराचे भुयार खोदायचे, वरून जागोजाग उभ्या विहिरीसारखी तोंडे ठेवायची, म्हणजे पाणी आपल्या पायाने चालत वस्तीपर्यंत येते. मोट नाही, रहाट नाही. बहमनी सुलतानांच्या काळात इराणकडची ही विद्या इथे आली. मधल्या काळात ही तोंडे कचऱ्याने भरली होती. अलीकडच्या वर्षांत अभ्यासकांनी त्यांचा माग काढला आणि गाळ उपसला गेला. भाच्याने छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेली, त्यामुळे त्याला हे चटकन उमगले. दोन्ही लहानांना मात्र वाकून आत ओरडण्यात अधिक रस होता. त्यांना हाताला धरून मागे खेचण्यात सौ.चा अर्धा तास गेला.

किल्ल्यात शिरल्यावर पाट्यांचा खेळ सुरू झाला. पुरातत्त्व खात्याच्या पाट्या कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत. मुलीने कन्नड ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची, भाच्याने हिंदी वाचायची, आणि दोघांचे जुळते का पाहायचे. तिहेरी खंदक, शरजा दरवाजा, रंगीन महालातले शिंपल्याचे जडावकाम हे सगळे अशा दोन तोंडांनी ऐकले. मुलगी कन्नड वाचताना जशी खुलते तशी ती मराठी वाचताना कधी खुललेली आम्ही पाहिली नाही. हे लिहिताना आम्हांला कन्नडबद्दल आकस नाही. या जिल्ह्यात राहून कन्नड न शिकवणे म्हणजे पोरांचे पाय बांधणे, हे आमचे मत आहे आणि तिला त्या शाळेत घातल्याचा पश्चात्तापही नाही. पण शाळेने कन्नड दिली, तेव्हा घराने मराठी द्यायला हवी होती. ती आम्ही दिली नाही. कलम 350-कचे दाखले सभेत द्यायला सोपे असतात. रोज रात्री पोरीला जवळ घेऊन एक पान वाचून घेणे अवघड जाते.

तख्त महालाच्या पडक्या कमानींपाशी बहिणीने दामाजीपंतांची कथा सांगितली. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात बादशहाची कोठारे रयतेला खुली केली, त्यांना पकडून बीदरला आणायचे ठरले आणि विठोबा विठू महाराचे रूप घेऊन दरबारात धान्याचा पैसा भरून गेला, ही कथा. मराठी घरात बीदर हे नाव या कथेमुळेच तर शिरले. "त्यानं थैली नेमकी कुठं ओतली?" भाचीने विचारले आणि चौघेही दगडी फरशीवर मोहरा शोधू लागले. आमच्या मुलीने ती कथा त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. बीदरमध्ये राहणारी पोर, आणि तिला बीदरची कथा सांगायला उदगीरहून आत्या यावी लागली!

दुपारी नानक झिऱ्याच्या गुरुद्वारात लंगरमध्ये जेवलो. तिथल्या गुरुमुखी पाट्या धरून मुलांच्या वहीत पाचवी लिपी जमा झाली. पंच प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग बीदरचे, हे ऐकून आमच्या मुलाची मान उगीचच ताठ झाली.

महमूद गावानच्या मदरशात मुलगी वक्ता झाली, कारण हा धडा तिचा पाठ होता. इराणच्या गिलानहून आलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा वजीर झाला, 1472 साली त्याने हे विद्यालय उभारले, तीन मजले आणि मोठे ग्रंथालय. 1696 साली दारूच्या स्फोटात अर्धी इमारत गेली, एक मिनार तेवढा उभा राहिला. त्याचा शेवट तिने फार चांगला सांगितला. शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवला, त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले खोटे पत्र रचले, आणि सुलतानाने 1481 साली त्याचे डोके उडवले. "पत्र कुणी लिहिलंय ते नीट बघितलंच नाही," ती म्हणाली. बहिणीने आमच्याकडे पाहिले आणि पिशवी पुढे केली.

चौबाऱ्याच्या रस्त्यावर बिदरीचे कारागीर बसतात. जस्त आणि थोड्या तांब्याचे ओतीव भांडे, त्यावर कोरलेल्या नक्षीत ठोकून बसवलेली चांदीची तार. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात ते घातले की जस्त काळेभोर होते आणि चांदी पांढरीच राहते. एका म्हाताऱ्या कारागिरापाशी मुले खिळली, तेव्हा आम्ही भीत भीत चोपडी पुढे केली. त्यांनी हात पुसले, चष्मा चढवला, आणि बराच वेळ ओठ हलवत राहिले.

"साब, ये उर्दू नहीं है," ते म्हणाले. "अक्षर उर्दू है. बोली तो तुम्हारी मराठीच है."

आमचा आ वासला. इतकी वर्षे आम्ही जिला परकी भाषा समजत होतो, ती आमचीच भाषा निघाली. (त्यांच्या "मराठीच"मधला 'च'सुद्धा दखनीने मराठीकडून घेतलेला आहे. दखनीतली सर्वांत जुनी ज्ञात मसनवी बहमनी काळात निजामीने रचली, तिचे नावच 'कदमराव पदमराव'. या गावात भाषांनी एकमेकींना असे हातउसने दिले आहे.)

ते वाचू लागले. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून "जोंधले दोन पायली" असे आले आणि मुले हसली. ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, त्यामुळे ते अडत. मग बहीण अंदाजाने शब्द पुरवी. बैलाची खरेदी, हाली रुपयांतली किंमत, उसने दिलेले धान्य. मग 1357 फसलीचे एक पान आले. म्हणजे इंग्रजी 1947-48. रझाकारांचा काळ. म्हाताऱ्यांचा आवाज जरा उतरला.

"आज घर लावून निघालो. म्हैस पिंजाऱ्याच्या दारी बांधली. दूध त्याने खावे."

कुणी काही बोलले नाही. पिंजारी म्हणजे कोण, हे भाचीला सौ.ने हळूच सांगितले: कापूस पिंजणारे, मुसलमान, आजोबांचे शेजारी. घर सोडून जावे लागल्याचे आम्ही वडिलांकडून ऐकले होते, पण म्हशीचे कुणी सांगितले नव्हते. कारागिरांनी तीन-चार पाने उलटली, आणि त्यांना हवे ते सापडले असावे, कारण ते हसले.

"गावी आलो. पिंजाऱ्याने म्हैस दिली. रेडीसह दिली."

मुलांनी पुन्हा वाचायला लावले. आम्ही पैसे विचारले, तर त्यांनी हात जोडले. बाकीची पाने एका बैठकीत होणार नाहीत, दुपारी येत जा, म्हणाले. अष्टूरच्या कबरी राहूनच गेल्या. दिवस कलला होता.

नौबादला परतताना मागच्या बाकावर शांतता होती, म्हणून वळून पाहिले. दोघा सातवीकरांनी ऐकलेले उतरून घेतले होते. भाच्याने देवनागरीत, मुलीने कन्नड अक्षरांत. कन्नडमध्ये 'ळ' आहे, त्यामुळे तिचे जोंधळे बरोबर पडले होते. दोघे आपापली वही मोठ्याने वाचून ताडून पाहत होते.

"तू 'रेडीसह' सोडलंस," ती त्याला म्हणाली.

त्याने आपली वही पाहिली. खरेच सुटले होते. त्याने पेन्सिल तिच्याकडे दिली, "तूच घाल," म्हणाला. तिने ते त्याच्या वहीत देवनागरीत लिहिले, 'डी'ला आधी ऱ्हस्व वेलांटी देऊन, मग खोडून दीर्घ.