जुनी पेट्रोल-गाडी सुरू कां होत नाहीं?

मागें उघडा हौदा असलेल्या जुन्या पेट्रोल-गाड्या आतां विरळा झाल्या आहेत. मुंबईच्या महिंद्र कंपनीनें 1947 च्या सुमारास विलीज् जीपा जुळविण्यास आरंभ केला. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज व फार्गो गाड्या बाहेर पडल्या. पुढें डिझेलनें त्यांची जागा घेतली. तरीहि एखाद्या वाड्यांत, गोठ्याशेजारीं, अशी गाडी अजून उभी असते. ती पुन्हां चालू करण्याची हौस धरणारे दिंद्रुडसारख्या गांवींहि आहेत. शिवाय 1 एप्रिल 2020 रोजीं नवे धुराचे नियम लागू होण्यापूर्वीं विकल्या गेलेल्या बहुतेक साध्या मोटार-सायकलींना कार्बुरेटरच आहे. म्हणून हा विषय सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

गाडी सुरू होत नाहीं म्हणजे आज नवी बॅटरी, उद्यां नवी कॉइल, परवां नवा कार्बुरेटर, असा क्रम पुष्कळ ठिकाणीं चालतो. पैसा जातो आणि गाडी जागची हलत नाहीं. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. येथें मात्र मात्रा आधीं व नाडी मागाहून! वास्तविक पेट्रोलच्या इंजिनास तीनच गोष्टी लागतात: योग्य प्रमाणांत हवा-पेट्रोलाचें मिश्रण, योग्य क्षणीं ठिणगी, आणि त्या मिश्रणावर पुरेसा दाब. ह्यांपैकीं काय उणें आहे तें आधीं शोधावें.

पहिला प्रश्न असा कीं, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतें काय? नुसता 'टक्' असा आवाज होऊन दिवे मंद होत असतील, तर दोष बहुधा बॅटरींत किंवा तिच्या जोडण्यांत असतो. भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब स्वस्थ स्थितींत सुमारे 12.6 व्होल्ट भरतो. टोकांवर पांढरा-हिरवा थर सांचला असेल तर तारा सोडून गरम पाणी व खाण्याचा सोडा ह्यांनीं तीं टोकें धुवावीं व खरडून घट्ट आवळावीं. इंजिनास जोडलेली जमिनीची जाड पट्टीहि पाहावी. तिच्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात. पुष्कळ गाड्या एवढ्यानेंच सुरू होतात.

ज्या गाडीस पुढून हँडल मारतां येतें तिच्याबाबत एक सूचना. गाडी न्यूट्रलमध्यें असावी व हँडल धरतांना आंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, पलीकडून विळखा घालूं नये. इंजिनानें उलट झटका दिला तर मनगट मोडतें. ह्या झटक्यांनीं पूर्वीं इतके हात मोडत कीं, 1912 च्या कॅडिलॅक गाडींत विजेवर चालणारा स्टार्टर आला तेव्हां लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला.

इंजिन फिरतें पण पेट घेत नाहीं, तर दुसरा प्रश्न ठिणगीचा. एक प्लग काढून त्याची तार पुन्हां लावावी, प्लगची धातूची बाजू इंजिनास टेकवावी व दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगावें. तार उघड्या हातानें धरूं नये, आणि जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर ही परीक्षा मुळींच करूं नये. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर ठीक. पिवळट, दुबळी आली किंवा आलीच नाहीं तर डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडावी. महिनोंमहिने उभ्या राहिलेल्या गाडींत आंतील पॉइंटांवर गंज चढतो. बारीक कानशीनें ते पुसावे. जुन्या जीपला पॉइंटांत सुमारे अर्धा व प्लगांत सुमारे पाऊण मिलिमीटर अंतर लागतें. तरीहि ठिणगी नसेल तरच कंडेन्सर व कॉइल ह्यांकडे वळावें.

आतां कार्बुरेटर. डांस मारण्याचा जुना हातपंप तुम्हीं पाहिला असेल. त्यांत वाऱ्याचा झोत नळीच्या तोंडावरून जातो, तेथील दाब कमी होतो आणि खालचें औषध वर चढून तुषार बनतें. कार्बुरेटरचें मर्म हेंच. विल्हेल्म मायबाख ह्या जर्मन यंत्रज्ञानें 1893 सालीं असा तुषार उडविणारा कार्बुरेटर तयार केला. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. थंड इंजिनास मात्र पेट्रोल जास्त हवें, म्हणून चोक ओढून हवा कोंडतात.

इंजिन बंद ठेवून हवेची चाळणी काढावी (तींत उंदरांनीं घर केलेलें आढळलें तर नवल मानूं नये!) व कार्बुरेटरच्या घशांत पाहत अ‍ॅक्सिलरेटर दाबावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल पोंचतें आहे. न उडाल्यास टाकी, नळी, पंपाखालची कांचेची वाटी आणि पंपाचा पडदा क्रमानें पाहावे. फ्लोटची सुई अडकली असल्यास स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें कार्बुरेटरवर हलकेच टकटक करावी. उलट, पेट्रोलचा वास दरवळत असून प्लग ओला असेल, तर गाडी 'ओव्हरफ्लो' झाली आहे. चोक ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळाशीं दाबून धरून सेल्फ मारावा. वारंवार पंप करूं नये.

कार्बुरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची रीत फार प्रचलित आहे. ती सोडावी. इंजिन उलट भडकलें तर ज्वाळा त्याच तोंडांतून वर येते, आणि समोर ओतणाऱ्याचा चेहरा व हातांतील बाटली असते. दोन मिनिटांच्या घाईपायीं डोळे गमावण्याजोगें हें काम आहे.

आपल्याकडील वैशाखांत आणखी एक प्रकार घडतो. गाडी चालून थांबली कीं पुन्हां सुरू होत नाहीं, कारण नळींतच पेट्रोलची वाफ होते. झांकण उघडून अर्धा तास थांबावें, किंवा पंपावर ओलें फडकें ठेवावें. ठिणगी व पेट्रोल दोन्ही असूनहि इंजिन मुकें राहिलें, तर प्लगच्या भोकावर आंगठा दाबून इंजिन फिरवावें. आंगठा जोरानें उडाला नाहीं तर दाब गेला आहे. तें काम कारागिराचें.

2025 पासून आपल्या देशांतील पेट्रोलांत शेंकडा 20 पर्यंत इथेनॉल असतें. ऊस पिकविणाऱ्या व तोडणाऱ्या आपल्या जिल्ह्यास त्याचें महत्त्व सांगावयास नको. पण जुन्या गाडीचीं रबरें त्यासाठीं बनविलेलीं नव्हतीं. इथेनॉल ओलावा ओढून घेतें, जुन्या नळ्या मऊ करतें, आणि त्यास जळण्यास हवा कमी लागत असल्यामुळें जुन्या मापाच्या कार्बुरेटरांत मिश्रण कांहींसें पातळ पडतें. म्हणून नळ्या व पंपाचा पडदा नव्या प्रतीचे घालावे. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून, कार्बुरेटरची वाटी कोरडी पडेपर्यंत इंजिन चालू ठेवावें.