तरंगत्या घराची साफसफाई

नागपूरहून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर लांब. आमच्याकडे पाणी म्हणजे पेंचचे नळाचे पाणी, नाहीतर फुटाळा आणि अंबाझरी. तरीही या वेळी आम्ही शिडाच्या नावेतल्या घरकामाविषयी लिहीत आहोत. दोन खोल्यांत सहा-सात माणसांचा संसार सांभाळणाऱ्या घरांना त्यातून बरेच घेता येईल.

भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही सुमारे १७ मीटर लांबीची शिडाची नाव. ती गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी या नावेतून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीची प्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना आणि रूपा या दोनच अधिकाऱ्यांनी त्याच नावेतून ही सफर केली. त्याआधी २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे ‘म्हादेई’ या नावेतून एकट्याने जग फिरून आले होते. असे करणारे ते पहिले भारतीय.

अशा नावेत झोपणे, स्वयंपाक, संडास, अवजारे आणि कित्येक आठवड्यांचा शिधा, सारे एकाच छपराखाली. आणि ते घर रात्रंदिवस हलत असते. तिथे पसारा म्हणजे नुसता गबाळेपणा नव्हे, जिवाला धोका असतो. कप्प्याबाहेर राहिलेली सुरी किंवा कुकर पहिल्याच मोठ्या लाटेबरोबर अंगावर येतो. म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. जड सामान तळाशी, हलके वर, आणि प्रत्येक कप्प्याला कडी. अंधारातही हात घातला की बॅटरी सापडलीच पाहिजे. लाइट गेल्यावर मेणबत्ती शोधताना आपल्या घरात काय होते, ते आठवून पाहा.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. समुद्राच्या पाण्यात भिजलेला कपडा नीट वाळत नाही, कारण त्यातले मीठ हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेते. म्हणून तो शक्य तेव्हा गोड्या पाण्यातून काढावा लागतो. गाद्या उचलून खालची जागा पुसावी लागते. हवा बरी असेल तेव्हा झडपा उघडून आत वारा खेळवावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. पावसाळ्यात आपल्या पेट्यांतल्या गोधड्यांना जो कुबट वास येतो, त्याचे कारणही तेच, कोंडलेली ओल.

नावेच्या अगदी तळाशी एक खोलगट जागा असते. आत शिरलेले सगळे पाणी तिथे साचते आणि पंपाने बाहेर काढले जाते. केस, भाताची शिते, कागदाचे कपटे तिथे गेले तर पंप तुंबतो, आणि वादळात पंप तुंबणे म्हणजे संकट. म्हणून कोणाला न दिसणारी ही जागाच सर्वांत स्वच्छ ठेवतात. आपल्या घरात अशी जागा म्हणजे मोरीची जाळी आणि कूलरची टाकी. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर अहोरात्र चालतो, पण टाकीत वाकून कोण पाहतो? आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासली नाही तर डासांची पैदास होते आणि डेंग्यू घरात येतो.

गोडे पाणी तर नावेत मोजूनच वापरतात. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी थोड्या गोड्या पाण्याने विसळायची, ही दर्यावर्दी माणसांची जुनी रीत. हदीसमध्ये येते की एका माणसाने प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले, आम्ही समुद्रावर जातो, जवळ थोडेच पाणी असते, त्याने वुजू केला तर प्यायला उरणार नाही, मग समुद्राच्या पाण्याने वुजू करावा का? समुद्राचे पाणी पाक आहे, असे त्यांनी सांगितले. पाकीही राखायची आणि पिण्याचे पाणीही वाचवायचे, असा दोन्हींचा विचार या उत्तरात आहे. स्वतः प्रेषित (सल्ल.) अगदी थोड्या पाण्यात वुजू करीत. आणि आपण? नळ सोडून देतो आणि वुजू होईपर्यंत बादलीभर पाणी वाहून जाते.

नाव टिकते ती रोजच्या पाहणीने. कोणता दोर कुठे घासतो आहे, शिडाची कोणती शिवण उसवली, कोणती पट्टी सैल झाली, हे पाहून नोंदवहीत लिहितात. टाका एक असतानाच घातला तर शीड वाचते. इतके करूनही मोडतोड होतेच. पहिल्या सफरीत ‘तारिणी’च्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तिला मॉरिशसला थांबावे लागले. दुरुस्ती झाली आणि सहाही जणी सुखरूप घरी आल्या. आपल्या घरीही एक वही असावी. गॅसची नळी कधी बदलली, पाण्याची टाकी कधी धुतली, ते त्यात लिहून ठेवावे.

आता खरा प्रश्न. नावेत हे सारे करते कोण? सगळेच. जी सुकाणू धरते तीच संडास धुते, आणि जी शीड शिवते तीच खिचडी टाकते. एकटीवर भार पडला तर ती थकेल, आणि थकलेल्या माणसाच्या हातून चूक झाली तर सगळेच बुडतील.

आम्ही वर्गात कधीकधी विचारतो, सकाळी घरी झाडू कोणी मारला? हात वर होतात ते मुलींचे. मुलगे हसतात. जणू घराची सफाई हे मुलीच्या वाट्याला आलेले नशीब आहे आणि मुलाला त्यातून माफी आहे. पण प्रेषित (सल्ल.) घरात असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, आपले कपडे आणि चपला स्वतः सांधत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. मग आपल्या मुलाने स्वतःचे ताट विसळले तर त्याची इज्जत कशी जाते?

येत्या जुम्म्याच्या आधी घरातल्या सगळ्यांना बसवून कामे वाटून घ्या. कूलरची टाकी मुलाकडे, नोंदवही मुलीकडे, मोरीची जाळी अब्बांकडे. अम्मीला त्या दिवशी दुपारी तासभर पाठ टेकू द्या.